डबक्यातला प्रवासी

बँकेतून निवृत्त झालेला माणूस हाती लागला की सोसायटीचे सभासद त्याला खजिनदार करून मोकळे होतात. माझेही तसेच झाले. त्या पदावर असताना शेकडो व्हाउचरांवर मी सह्या केल्या असतील; त्यांतले एकच मला तपशिलासह आठवते. रक्कम रुपये 650. तपशील : ‘मागील प्लॉटमधील खड्ड्यात जळके ऑइल टाकणे, मजुरीसह.’ पर्युषण पर्वाला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

त्या खड्ड्याची हकिगत सांगण्यापूर्वी चतुराशी असलेली माझी जुनी ओळख सांगणे भाग आहे. नगर जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबांचे आडतीचे दुकान होते. दुकानामागे मोठे आवार, आणि श्रावण सरता सरता त्या आवारावर पिवळ्या चतुरांचे थवेच्या थवे तरंगत असत. गावातील सगळीच मुले जे करीत तेच मीही केले. रिकाम्या पोत्याची शिवण उसवून दोरा काढला, एक चतुर पकडला आणि त्याच्या शेपटीला तो बांधला. दादीजींनी पाहिले. त्या रागावल्या नाहीत. दोरा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवला, चतुराला कुंपणाच्या काठीवर ठेवले, आणि तोच दोरा माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधून दुसरे टोक ओसरीच्या खांबाला गुंडाळले. मग समोर बसून त्यांनी सामायिक घेतले. पूर्ण 48 मिनिटे मी तसाच बसून होतो. एका झटक्याने तुटेल असा तो दोरा होता. तोडण्याची छाती झाली नाही. सामायिक पाळून उठताना त्या एवढेच म्हणाल्या, “चार इंद्रिये आहेत रे त्याला. तुझ्यापेक्षा एकच कमी.”

स्पर्श, रस, घ्राण आणि चक्षू. कान तेवढे नाहीत. चतुराला चतुर म्हणतात ते या चार इंद्रियांमुळेच, अशी माझी पुढे कित्येक वर्षे समजूत होती. रोजच्या प्रतिक्रमणात ‘चउरिंदिया’ हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढे शास्त्रातला भ्रमर येत नसे, पोत्याच्या दोऱ्याला ओढ देणारा तो पिवळा जीव येई.

आता खड्डा. आमच्या सोसायटीच्या मागील प्लॉटवर इमारतीच्या पायासाठी खोदकाम झाले आणि काम बंद पडले. जूनच्या मध्यापासून त्यात पावसाचे पाणी साचू लागले. कडेला गवत माजले, मधून गंजलेल्या सळया वर आलेल्या. जुलैच्या अखेरीस माझा 11 वर्षांचा नातू एका सकाळी तळहातावर काहीतरी घेऊन आला. मातकट रंगाचा, पाठीवर चीर पडलेला, पोकळ कीटक. मी म्हणालो, “मेलेला किडा घरात कशाला आणलास?” तो म्हणाला, “दादाजी, मेलेला नाही. कात टाकून गेलाय.” त्या सकाळी त्याने गवतावर आणि सळयांवर मिळून अशा 63 काती मोजल्या होत्या.

त्या काती ज्या जातीच्या होत्या तिला शास्त्रज्ञ पँटाला फ्लॅव्हेसेन्स म्हणतात. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने 1798 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्रजीत तिला वाँडरिंग ग्लायडर, म्हणजे भटकत तरंगणारी, असे नाव आहे. अंटार्क्टिका वगळता जगाच्या सर्व खंडांत ती आढळली आहे. हिमालयात 6,200 मीटर उंचीवर तिची नोंद आहे आणि प्रशांत महासागरातील एकाकी ईस्टर बेटावर चतुराची जी एकमेव जात राहते, ती हीच. शरीर दोन इंचांहून कमी, पंखांचा विस्तार जेमतेम तीन इंच. मागचे पंख बुडाशी फार रुंद असतात, त्यामुळे पंख न हलवता वाऱ्यावर तरंगत राहणे त्याला साधते. तो क्वचितच बसतो आणि बसला तरी काडीला ओळंब्यासारखा उभा लटकतो.

मादी पाण्याला शेपटीचे टोक टेकवत अंडी घालते. पाण्याची चकाकी हीच तिची खूण असल्यामुळे कधी कधी ती मोटारीच्या चकचकीत टपालाही पाणी समजते. अंड्यातून निघणारे पिल्लू पाण्यातच वाढते आणि त्याला भयंकर घाई असते. चतुरांच्या काही जातींना पाण्यात वर्ष दोन वर्षे लागतात. हा 38 ते 65 दिवसांत मोठा होतो, कारण पावसाचे डबके दिवाळीपर्यंत टिकेलच याची शाश्वती नसते. पाण्यात असताना तो घडी घातलेला खालचा ओठ हातासारखा फेकून भक्ष्य पकडतो. डासांच्या अळ्या हे त्याचे नित्याचे अन्न. मोठा झाल्यावर उडता उडता सहा पायांची परडी करून त्यात डास, चिलटे झेलतो आणि हवेतच खातो. त्याच्या एकेका डोळ्यात हजारो भिंगे असतात. चतुरांच्या काही जातींवर प्रयोग झाले, त्यांत 100 पैकी 90 हून अधिक झेपा यशस्वी ठरल्या. वाघाच्या बहुतेक झेपा वाया जातात.

थोडक्यात, आपल्या पायरीच्या मापाने पाहिले तर हा क्रूर जीव. दादीजींना ते ठाऊक होते की नाही, कोण जाणे. असते तरी दोरा त्यांनी सोडवलाच असता.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या, पाच दिवस ती रुग्णालयात होती. तिची आई जिन्यात भेटली तेव्हा तिच्याशी काय बोलावे मला सुचले नाही. मुलगी बरी होऊन घरी आली, पण त्याच आठवड्यात तातडीची सभा भरली आणि सगळ्यांची बोटे एकाच दिशेला वळली. खड्डा प्रत्येकाच्या खिडकीतून दिसत होता. एक सभासद म्हणाले गप्पी मासे सोडा. दुसरे म्हणाले मासे येईपर्यंत वाट कोण पाहणार, जळके ऑइल ओता, तवंग पसरला की अळ्या गुदमरतात. ते खरेही आहे. डासाच्या अळीला श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. मला नातवाच्या 63 काती आठवल्या. बोलावेसे वाटले. पण एक मूल नुकतेच मरणाच्या दारातून परतलेले असताना साठी उलटलेल्या माणसाने उठून चतुरांची बाजू मांडावी, हे मला पोरकट वाटले. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी व्हाउचर आले, सही केली.

तिसऱ्या दिवशी पहाटे नातवाबरोबर मागे गेलो. हा चतुर रात्री पाण्याबाहेर येतो, काडीला घट्ट धरतो, पाठ उकलते, आणि उजाडेपर्यंत पंखांत रस भरून ते ताठ होतात. त्या रात्रीही ते वेळापत्रकाप्रमाणे बाहेर आले होते, पण तवंगातून. सळयांवर, गवतावर काळे माखलेले जीव होते. काही कातीतून अर्धे बाहेर, पंख चिंधीसारखे चिकटलेले. एकाचे पाय अजून हलत होते. त्या दिवशी नातवाने काहीही मोजले नाही. घरी परतताना त्याने विचारले, “दादाजी, तुम्ही सही केली होती?” मी हो म्हणालो.

दोन दिवसांनी महापालिकेच्या आरोग्य विभागाची एक कर्मचारी टॉर्च घेऊन तपासणीला आली. खड्ड्याकडे तिने पाहिलेदेखील नाही. डेंग्यूचा डास गढूळ डबक्यात सहसा अंडी घालत नाही, असे तिने सांगितले. त्याला घरातले, भांड्यातले, स्वच्छ पाणी हवे असते, तो दिवसा चावतो आणि जन्मला तिथून फार लांब जात नाही. तिने घरोघर पाहणी केली. दोन घरांत फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या सापडल्या, गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये सापडल्या, आणि तिसऱ्या ठिकाणी, मनीप्लँटच्या काचेच्या बाटलीत. ती बाटली माझ्या बैठकीच्या खोलीत, माझ्या वर्तमानपत्राच्या टेबलावर होती. टॉर्चच्या उजेडात त्या वळवळताना मी पाहिल्या. आपल्या व्यापारी घरांत ही चूक एका वाक्यात कळते : रक्कम एकाच्या नावे टाकायची, ती टाकली दुसऱ्याच्या नावे. आणि ज्याच्या नावे टाकली तो तर आमचा देणेकरी नव्हताच. त्या खड्ड्यातले इतर डास तोच खात होता.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात 84 लक्ष जीवयोनींना खमावताना चतुरिंद्रियांच्या 2 लक्ष योनी येतात. त्या वर्षी तिथे माझा आवाज अडखळला. शेजारी बसलेल्या गृहस्थांना वाटले, मी पाठ विसरलो.

त्यानंतर मी या जीवाविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि जे वाचले त्याने मन हलके होण्याऐवजी अधिकच जड झाले. चार्ल्स अँडरसन नावाचे एक ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत. दर ऑक्टोबरमध्ये तिथे लाखो चतुर अवतरतात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांची गर्दी होते आणि मग ते नाहीसे होतात, हे त्यांनी पाहिले. मालदीवची बेटे प्रवाळाची. तिथे पृष्ठभागावर गोडे पाणी जवळजवळ नाही. मग गोड्या पाण्यावाचून न जन्मणारा हा कीटक एवढ्या संख्येने येतो कोठून आणि जातो कोठे? अँडरसन यांनी वर्षानुवर्षे तारखा टिपल्या, दक्षिण भारत, सेशेल्स आणि पूर्व आफ्रिकेतील नोंदींशी ताडून पाहिल्या आणि 2009 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला : हे चतुर भारतातून निघतात, हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेला पोहोचतात.

कन्याकुमारीपासून माले सुमारे 600 किलोमीटर. तिथून आफ्रिकेचा किनारा आणखी 2,500 किलोमीटरांहून दूर, वाटेत तुरळक बेटे सोडली तर सगळा समुद्र. त्यांचे गमक वाऱ्यात आहे. आपला मान्सून माघारी वळतो तेव्हा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. समुद्रालगत वारा उलटा असला तरी हजार मीटरच्या वर तो भारताकडून वाहत असतो, आणि हे चतुर त्या उंचीवर चढतात. बहुतेक अंतर ते पंख मारून नव्हे, तरंगून कापतात. वाऱ्याबरोबर चिलटे व इतर लहान कीटकही वाहत जातात, तीच वाटेतली शिदोरी. त्यांच्यामागून काही पक्षीही जातात. आपल्या ईशान्येकडून आफ्रिकेला जाणारा अमूर ससाणा हेच चतुर खात समुद्र ओलांडत असावा, असे अँडरसन यांना वाटते. म्हणजे शिकाऱ्याचीही शिकार आहे.

आफ्रिकेत ते पोहोचतात तेव्हा तिथे पाऊस सुरू असतो. डबक्यात अंडी पडतात, पुढची पिढी पावसामागोमाग आणखी दक्षिणेकडे जाते, त्यापुढची उत्तरेकडे वळते, आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की त्यांची नातवंडे-पतवंडे त्या वाऱ्यावर भारतात येतात. अँडरसन यांच्या अंदाजाने पूर्ण फेरी 14,000 ते 18,000 किलोमीटरांची आणि चार पिढ्यांची. निघालेला कधीच परतत नाही. परतणाऱ्याने ती वाट कधी पाहिलेली नसते.

हे वाचताना मला आमचे खापरपणजोबा आठवले. लोटा-दोरी घेऊन ते मारवाडातून निघाले, नगरला स्थिरावले, राहायला म्हणून परत कोणी गेले नाही. मी ओसियांला सच्चियाय मातेच्या दर्शनाला जातो तेव्हा तिथल्या धर्मशाळेत माझे नाव पाहुण्यांच्या वहीत लिहिले जाते. धाकट्या मुलीचे सासर मोंबासाचे. ते हालारी विसा ओसवाल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या समाजातील कुटुंबे जामनगरच्या परिसरातून पूर्व आफ्रिकेत जाऊ लागली. त्याच्याही फार आधीपासून कच्छच्या मांडवीहून कोटिये निघत ती हिवाळ्यात, ईशान्येचा वारा धरून, आणि परतत ती नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. व्याह्यांना फोनवर मी हे सगळे सांगितले. ते खळखळून हसले आणि म्हणाले, “म्हणजे हे तर आमचेच भागीदार, शेठजी! एकच वारा, एकच बाजारपेठ.” मग थोडे थांबून म्हणाले, पावसानंतर त्यांच्या अंगणात पिवळे चतुर येतात खरे, कोठून येतात हे त्यांनी कधी मनात आणले नव्हते.

आमच्या खड्ड्यातले कितीजण मोंबासाला पोहोचले असते, हा हिशेब मी करीत नाही.

त्या चातुर्मासात आमच्या स्थानकात विराजमान असलेल्या साध्वीजींपुढे मी आलोचना केली. पावसात जीवोत्पत्ती फार होते, चालण्याने विराधना होईल, म्हणून चार महिने ज्या एका जागी थांबल्या होत्या, त्यांना मी सांगत होतो की त्याच चार महिन्यांत मी एक खड्डाभर जीव मारवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चतुराचा प्रवास सांगू लागलो तेव्हा त्यांचेही डोळे विस्फारले. मग मी उत्साहाने म्हणालो, “आणि महाराजसाहेब, हा चतुर डास खातो. म्हणजे आपण काही न करताच...” त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, “श्रावकजी, सही केलीत ते कारित. पण आता डास खाल्ले जातात हे सांगताना तुमचा चेहरा उजळला. तिसरे काय असते, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

कृत, कारित, अनुमोदित. करणे, करवणे, आणि झालेल्याला मनाने होकार देणे. मी निरुत्तर झालो. डासही चतुरिंद्रियच. गप्पी मासे सोडणे हेही करवणेच. त्याला आपण ‘नैसर्गिक उपाय’ म्हणतो, एवढाच फरक. चतुर आपल्या स्वभावाने डास खातो, त्याचे कर्म त्याचे. पण माझ्या मनातला आनंद माझा. साध्वीजींनी दोन आयंबिलांचे प्रायश्चित्त दिले आणि जयणेचा उपदेश केला. पाणी साचूच दिले नाही तर अंडे पडत नाही, अंडे पडले नाही तर कोणी मरत नाही. महापालिका याच गोष्टीला ‘कोरडा दिवस’ म्हणते.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. चतुराच्या मिशा इतक्या आखूड असतात की त्याला गंध कळतच नाही, असे वैज्ञानिकांचे दीर्घकाळ मत होते. मी ते नातवाच्या पुस्तकात वाचले आणि दादीजींचा हिशेब चुकला म्हणून खिन्न झालो. चारातले एक इंद्रिय कमी झाले. पुढे 2014 साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन वाचनात आले. चतुराची चुलत बहीण जी टाचणी, ती भक्ष्याचा गंध ओळखते, असे त्यात प्रयोगाने दाखवले आहे. यावरून ‘आपल्या शास्त्रात हे आधीच होते’ असे भाषण ठोकण्याचा माझा विचार नाही; तशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. मला फक्त दादीजींसाठी बरे वाटले.

पुढच्या वर्षी मी सभेत बोललो. रविवारी सकाळी सर्व घरांतील ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, बाटल्या रिकाम्या करून, घासून, कोरड्या करायच्या, असा ठराव झाला. घासताना आधीच पडलेली अंडी जात असतील, हे मला कळते. म्हणून मनीप्लँट मी मातीत लावला आणि बाटली भंगारवाल्याला दिली. चार-पाच घरे ठराव पाळत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची आई मात्र रविवारी आठ वाजता दारोदार बेल वाजवते आणि तिच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. खड्ड्याचा प्रश्न उरला नाही. बांधकाम पुन्हा सुरू झाले, पाया भरला गेला, आता तिथे सात मजली इमारत आणि तळाशी वाहनतळ आहे. मागच्या सप्टेंबरमध्ये तिथे एका नव्या कोऱ्या काळ्या मोटारीच्या टपावर एक पिवळी मादी पुन्हा पुन्हा शेपूट टेकवत होती. नातवाने पहारेकऱ्याकडून जुनी चादर मागून मोटारीवर टाकली. मालकाने संध्याकाळी आमच्याकडे तक्रार केली.

कार्तिकी पौर्णिमेनंतर साध्वीजींचा विहार सुरू झाला, तेव्हा त्यांना पोहोचवायला आम्ही हमरस्त्यापर्यंत गेलो. मोकळ्या माळावर थोडे चतुर अजून होते, पण श्रावण-भाद्रपदातली गर्दी ओसरली होती.

संध्याकाळी मी गच्चीत बसतो. माझ्या डोक्यावरून तरंगत जाणारा एखादा चतुर एकाएकी वळतो, काहीतरी झेलतो. मला बरे वाटते. लगेच साध्वीजींचा वर झालेला हात आठवतो. तेवढ्यात कानाशी डास गुणगुणू लागतो. मी उपरणे कानावरून ओढून घेतो आणि खाली जातो.